जुन्या मोटारीच्या स्प्रिंगा



व्याख्यानमालेच्या पत्रकावर आजचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांवर विद्वानांनी बोलावयाचे, तेथे हा गृहस्थ मोटारीच्या स्प्रिंगांवर काय बोलणार, अशी शंका माझ्या एका स्नेह्यांनी मजजवळ बोलूनही दाखविली. मी त्यांना एवढेच विचारले, "आपण येथवर कशात बसून आलात?" ते हसले, आणि आता समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

मी विद्वान नाही. आयुष्यभर मुलांना लेथ चालवायला आणि कॅलिपरने नीट माप घ्यायला शिकविले, इतकाच माझा अधिकार. आज जे सांगणार आहे, त्याचा बराचसा भाग मी स्वतः एक चूक करून शिकलो आहे. मापे शिकविणाऱ्या माणसाने माप न घेता केलेली ती चूक होती, म्हणून ती चारचौघांत सांगितलेली बरी.

प्रारंभी आपल्याच जिल्ह्यातली एक हकिगत सांगतो. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास गेले. वर्ध्यापासून अंतर थोडे, पण काळ्या मातीतली पावसाळी वाट कशी असते, हे येथे कोणाला सांगावयास नको. त्या दिवसांच्या आठवणींत अशी गंमत सांगतात की, जमनालालजी बजाज यांच्या एका फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती या वाटेवर चालवीत, आणि तिला थट्टेने 'ऑक्सफर्ड' म्हणत. ऑक्स म्हणजे बैल, आणि पुढे फोर्ड. आपण ही गोष्ट विनोद म्हणून ऐकतो आणि हसतो. मला तिच्यात एक यंत्रविद्येचा प्रश्न दिसतो. बैलच जुंपावयाचे, तर बंडी काय वाईट होती? मोटारीच्या सांगाड्याचा मोह कशासाठी? त्याचे एक उत्तर तिच्या चाकांत आणि स्प्रिंगांत आहे. आपल्या जुन्या बंडीला स्प्रिंग नसते. चाकाखाली दगड आला की कणा उचलतो, कण्याबरोबर साटा उचलतो, आणि साट्याबरोबर माणूस. मोटारीत चाक उचलले, तरी वरचे घर तितके उचलत नाही. मध्ये स्प्रिंग आहे, ती दबते, आणि दगडाचा हिशेब आपल्यापुरता मिटवून टाकते. लंडनमध्ये ओबाडाया इलियट नावाच्या गाडीकाराने १८०४ साली घोडागाडीच्या कमानदार पाट्यांचे पेटंट घेतले, तेव्हापासून प्रवाशाच्या पाठीचे दुखणे पुष्कळ कमी झाले आहे.

आता माझ्या चुकीकडे येतो.

माझ्या घरी १९९७ सालची मारुती ८०० आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत मुलांची आहे, पण ही गाडी आमच्या घरात लग्नकार्ये, बाळंतपणे, परीक्षा आणि अंत्ययात्रा या सगळ्यांना उपयोगी पडली आहे, तेव्हा ती मोडीत काढावी असे कोणालाच वाटत नाही. काही वर्षांपूर्वी ती मागून बसू लागली. चार माणसे बसली की मडगार्ड टायरला टेकेल की काय, अशी धास्ती वाटे. स्प्रिंगा बदलावयाच्या ठरल्या. धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, बदलायच्याच आहेत तर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकू. गाडी वळणावर झुकत नाही, आणि दिसतेही छान." हल्ली अशा आखूड स्प्रिंगा तयार मिळतात. त्या घातल्या की गाडीचे घर दोन-तीन सेंटीमीटर खाली येते. चौकशी केली. मूळच्या स्प्रिंगा मागवाव्या लागणार होत्या, या दुकानात हजर होत्या. मी त्यांचे माप घेतले नाही, गाडीचे घेतले नाही, वजनही केले नाही. रंग लाल होता, मुलाचा उत्साह होता, आणि मी होकार दिला.

गाडी दिसायला खरोखर छान झाली. मी एकटा बसून शहरात दोन-चार दिवस फिरलो, तेव्हा थोडी कडक वाटली, पण नव्या वस्तूचे कडकपण माणूस गुण समजतो. त्यानंतर आईला सेवाग्रामच्या रुग्णालयात दाखवावयास न्यावयाचे होते. आई ऐंशीच्या पुढची, पाठीच्या मणक्याचे दुखणे. मागे ती, माझी पत्नी आणि बहीण. पुढे आम्ही दोघे बापलेक. डिकीत अंथरूण आणि डबे. गाव सुटले, आणि पहिल्याच उंचवट्यावर मागून 'धाड' असा आवाज आला. मग तो येतच राहिला. आई फार बोलत नाही. अर्ध्या वाटेवर ती एवढेच म्हणाली, "बाप्पा, याच्यापरीस बंडी बरी होती रे!" मी गाडी इतकी हळू केली की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जाऊ लागले. आई त्या दिवशी धडधाकट परतली, हे तिचे नशीब. पण उतरताना तिने दाराला धरलेला हात सोडावयास जो वेळ लागला, तो मी विसरलो नाही.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जो हिशेब आधी करावयाचा, तो मागाहून केला. तोच आता आपल्यापुढे मांडतो. त्याला शाळेतले त्रैराशिक पुरते.

स्प्रिंगेचा मूळ नियम रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. जेवढे वजन, त्या प्रमाणात दाब. एक किलोने एक मिलिमीटर दबली, तर दहा किलोंनी दहा मिलिमीटर. एक मिलिमीटर दाबण्यास किती किलो लागतात, याला आपण तिचा ताठरपणा म्हणू. आता एक लहान गाडी घ्या. समजण्यासाठी गोल आकडे घेतो. आपल्या गाडीचे आपण मोजावे. गाडी रिकामी असता मागच्या एकेका स्प्रिंगेवर १०० किलो भार आहे असे धरू. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान आले की दर स्प्रिंगेवर आणखी ९५ किलो येतात. म्हणजे भार जवळजवळ दुप्पट झाला! मोठ्या, जड गाडीत असे होत नाही. मारुती ८०० चे स्वतःचे वजन सुमारे ६५० किलो. तिच्यात पाच माणसे बसली की निम्म्याच्या आसपास भर पडते, आणि तीही बहुतेक मागच्या बाजूला. लहान गाडीच्या मागच्या स्प्रिंगा निवडणे म्हणूनच कठीण असते.

धरा की मूळच्या स्प्रिंगेचा ताठरपणा मिलिमीटरला १.८ किलो आहे. ९५ किलोंनी ती ५३ मिलिमीटर दबेल. रिकाम्या गाडीत स्प्रिंग आणि तिच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यामध्ये ८० मिलिमीटर जागा असेल, तर कुटुंब बसल्यावर २७ उरली. ही २७ मिलिमीटर रस्त्यासाठी आहे. खड्डा, उंचवटा, सिमेंट रस्त्याचा सांधा, सगळ्यांचा खर्च याच शिलकीतून भागवावयाचा.

आता गाडी ३० मिलिमीटर खाली आणा. ताठरपणा तोच ठेवला, तर ८० ची जागा ५० झाली, आणि माणसांनीच ५३ मागितली. शिल्लक उणे तीन! गाडी जागच्या जागी ठोकळ्यावर टेकून उभी राहील. म्हणून खाली बसविणाऱ्या स्प्रिंगा करणारे लोक त्या अधिक ताठर करतात, आणि ते बरोबरच करतात. ताठरपणा १.८ चा २.६ केला असे धरू. माणसांनी आता ३७ मिलिमीटर दाबली. ५० मधून ३७ गेले, १३ उरले. मूळची शिलक २७ होती, ती निम्म्यावर आली. माझ्या आईच्या पाठीत जे 'धाड' बसत होते, ते या तेरा मिलिमीटरांतून गाडी बाहेर पडून ठोकळ्यावर आदळण्याचे.

कोणी विचारील, ठोकळ्यावर न आदळताही गाडी कडक का वाटते? त्याचेही गणित सोपे आहे. स्प्रिंगेवरचे घर वरखाली झुलते, त्याचे दर सेकंदाचे झोके काढावयाचे असतील, तर भाराने स्प्रिंग जितके सेंटीमीटर दबते त्याचे वर्गमूळ घ्या आणि पाचला त्याने भागा. मूळची स्प्रिंग रिकाम्या गाडीत साडेपाच सेंटीमीटर दबलेली. झोके सेकंदाला सुमारे दोन. भरल्या गाडीत जवळजवळ अकरा सेंटीमीटर, झोके दीड. नव्या ताठर स्प्रिंगेत रिकामी गाडी चार सेंटीमीटरांहून कमी दबते. झोके अडीचच्या वर. माणूस चालतो तेव्हा त्याचे शरीर सेकंदाला दीड-दोन वेळा वरखाली होते, आणि तेवढी लय त्याच्या अंगवळणी पडलेली असते. झोके त्याहून भराभर येऊ लागले की प्रवास अंगावर येतो.

तर मग गाडी खाली बसविणे ही निव्वळ हौस आहे काय? तसेही म्हणता येणार नाही. शर्यतीच्या गाड्या खाली असतात, आणि त्याला कारण आहे. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. उंची कमी झाली की हे स्थलांतर कमी होते, आणि चारी टायर रस्त्याला अधिक सारखे धरतात. पण हा लाभ किती, तेही मोजावे. गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटरांवर असेल आणि आपण तो तीन सेंटीमीटर खाली आणला, तर भाराचे स्थलांतर शेकडा साडेपाचाने घटते. शर्यतीत साडेपाच टक्क्यांना मोल आहे, कारण तेथे रस्ता गुळगुळीत, चालक एकटा आणि मागे म्हातारी आई नसते. गाडी वळणावर कमी झुकते असे जे आपल्याला वाटते, त्यातील मोठा वाटा खाली येण्याचा नसून ताठरपणाचा असतो.

आणि आपला रस्ता कसा आहे? आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर आखूड स्प्रिंगेची गाडी सुखाने जाईल. पण समृद्धीवर चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर आपण ज्या रस्त्यांवर असतो, ते काळ्या मातीवर बांधलेले आहेत. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. वरचा रस्ता कितीही नीट केला, तरी पाया हलला की त्याला लाटा पडतात. देवळीकडे जा, समुद्रपूरकडे जा, आर्वीकडे जा. डांबर नवे असूनही गाडी होडीसारखी का डोलते, त्याचे हे एक कारण. त्यात भर गतिरोधकांची. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावयास पाहिजे. इतक्या रुंदीत तो इतका सावकाश चढतो की सामान्य गाडीचे पोट त्याला लागत नाही. पण गल्लीतल्या मंडळींनी एका रात्रीत सिमेंटच्या चार घमेल्यांनी घातलेला गतिरोधक मानक वाचून घातलेला नसतो. गाडीच्या पोटाखालचे दोन-तीन सेंटीमीटर तेथे कामाला येतात.

स्प्रिंग निवडावयाची कशी, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, दुकानात जाण्यापूर्वी गाडी का बसली, ते शोधा. टायरमध्ये हवा बरोबर भरा, डिकीतले वर्षानुवर्षांचे सामान काढा, गाडी सपाट फरशीवर उभी करा, हाताने थोडी मागेपुढे ढकलून सैल होऊ द्या. मग चारी चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा आणि वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका. टायरची झीज त्यात मिसळते. एकच कोपरा खाली असेल, तर तेथील स्प्रिंगेची गुंडाळी तुटली आहे काय, ते पाहा. पुष्कळदा सर्वांत खालची गुंडाळी बैठकीतल्या चिखलात गंजून तुटते, आणि बाहेरून दिसत नाही. बुश फुटले, स्ट्रटचे वरचे रबर बसले किंवा ज्यावर स्प्रिंग टेकते तो पत्राच गंजला, तरी गाडी खाली येते. पत्रा गंजला असेल, तर आधी पत्र्याचे काम करा. कुजक्या बैठकीवर नवी स्प्रिंग घालणे धोक्याचे आहे.

येथे एक गैरसमज दूर करतो. जुनी स्प्रिंग 'मऊ पडली' असे आपण म्हणतो. वस्तुतः अखंड स्प्रिंग वर्षांनी मऊ पडत नाही, ती आखूड होते. पोलादाचा ताठरपणा जवळजवळ तोच राहतो. सततच्या भाराने तिची मोकळी लांबी कमी होते. म्हणून बसलेल्या गाडीतही शिलक संपते आणि ती ठोकळ्यावर आदळते. लोकांना वाटते की स्प्रिंग मऊ आहे, तेव्हा कडक घालू. लांबी परत आणली की काम भागते. मूळच्या मापाची नवी स्प्रिंग हेच बहुतेक जुन्या गाड्यांचे खरे औषध आहे.

दुसरी गोष्ट, वजन करा. मी आपल्याकडच्या एका जिनिंगच्या काट्यावर गाडी नेली. कापसाचा हंगाम संपत आला होता, काटा रिकामा होता. आधी नुसती पुढची चाके काट्यावर घेतली, मग नुसती मागची, मग सबंध गाडी. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याशी जुळली की माप खरे. नंतर घरची माणसे बसवून पुन्हा तेच. काटेवाल्याला वाटले, मास्तर कुटुंब विकावयास आले आहेत! पण त्या दोन चिठ्ठ्यांनी मला जे सांगितले, ते कोणत्याही दुकानदाराने सांगितले नसते. चाके, टायर आणि कणा यांचे वजन स्प्रिंगेवर नसते, ते यातून वजा करावे. तसेच स्प्रिंग चाकापासून आत बसविलेली असेल, तर पहारीसारखा हिशेब होतो, आणि तिच्यावर चाकाच्या भाराहून अधिक भार येतो.

तिसरी गोष्ट, स्प्रिंग हातात घेऊन मोजा. तारेची जाडी, गुंडाळीचा व्यास, काम करणाऱ्या गुंडाळ्यांची संख्या आणि मोकळी लांबी ही चार मापे घ्या. तारेच्या जाडीबाबत फार जपावे, कारण ताठरपणा तिच्या चौथ्या घाताने वाढतो. १० मिलिमीटरच्या जागी ११ मिलिमीटरची तार आली, तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठर होते. म्हणून 'दिसायला तश्शीच आहे' या वाक्यावर स्प्रिंग विकत घेऊ नये. गुंडाळीचा व्यास वाढला की ताठरपणा घटतो, तोही झपाट्याने. आणि गुंडाळ्या कमी झाल्या की वाढतो. स्प्रिंगेची एक गुंडाळी कापून गाडी खाली बसविण्याची जी स्वस्त युक्ती आहे, तिचे मर्म येथे समजेल. सहापैकी एक गुंडाळी कापली, तर स्प्रिंग आखूड होते आणि त्याचबरोबर शेकडा वीसने ताठरही होते. वर कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. याहून वाईट युक्ती म्हणजे गॅसच्या ज्वाळेने स्प्रिंग तापवून बसविणे. पोलादाला कारखान्यात मोजून दिलेले पाणी त्या ज्वाळेने उतरते. मोटारीच्या मोडक्या पाट्याचा कोयता घडविणारा लोहारसुद्धा शेवटी त्याला पुन्हा पाणी देतो. गॅरेजातल्या ज्वाळेनंतर ते कोण देतो?

चौथी गोष्ट, नग मागताना गाडीचे साल आणि प्रकार सांगा. वातानुकूलित गाडीचे पुढचे वजन अधिक असते, तिची पुढची स्प्रिंग निराळी असू शकते. स्प्रिंगा नेहमी एका आसावर जोडीने बदला. डावी नवी आणि उजवी जुनी असे केले, तर गाडी तिरपी उभी राहते आणि ब्रेक लावताना एका बाजूस ओढते. त्यांच्याबरोबर शॉकअपही तपासा. स्प्रिंग धक्का गिळते, पण गिळल्यानंतरचे झोके थांबविण्याचे काम शॉकअपचे. दीडपट ताठर स्प्रिंगेला जुना शॉकअप आवरू शकत नाही.

इतके करूनही ज्यांना गाडी खाली बसवावयाचीच आहे, अशा तरुण मित्रांनी तीन परीक्षा कराव्यात. गाडीत नेहमीची सगळी माणसे बसवून, ठोकळ्यापर्यंत निदान तीन बोटे जागा उरते काय, ते पाहावे. माझा कारागीर हे बोटानेच पाहतो, आणि त्याचे बोट माझ्या सूत्राशी जुळते. दुसरी, गाडी जॅकवर उचलून चाक पूर्ण लोंबकळू द्यावे. त्या स्थितीत आखूड स्प्रिंग बैठकीत सैल होऊन फिरत असेल, तर ती त्या गाडीसाठी नाही. खड्ड्यावरून चाक सुटले असता ती जागची हलेल. तिसरी, दिवे पाहावेत. मागची बाजू पुढच्याहून ५० मिलिमीटर अधिक बसली, तर पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर सव्वादोन मीटरांहून कमी असलेल्या गाडीत दिव्याचा झोत शंभर मीटरांवर सव्वादोन मीटर वर चढतो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. रात्री हिंगणघाटच्या रस्त्यावर आपण ज्याला शिव्या देतो, त्याचा दिवा पुष्कळदा ठीक असतो. त्याच्या मागच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ उचलून धरला. मूळच्या मापाचा नग बदलणे ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची बदलावयाची असेल, तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

श्रोत्यांपैकी काहींच्या घरी याहून जुन्या गाड्या असतील. पद्मिनी असेल, तर तिला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे आहेत. पाटे बसले असता लोहाराकडून त्यांना कमान देऊन घेण्याची आपल्याकडे रीत आहे. कमान दिल्यानंतर रीतसर पाणी देणारा कारागीर मिळाला तरच ते टिकते, एरवी काही महिन्यांत पाटा पुन्हा सपाट होतो. अ‍ॅम्बॅसेडर असेल, तर तिच्या जुन्या नमुन्यांत पुढे गुंडाळी नाहीच. तेथे पोलादाची लांब कांब पिळली जाते आणि स्प्रिंगेचे काम करते. कांबेचे टोक फिरवून उंची कमीजास्त करता येते, पण दोन्ही बाजू सारख्या मापूनच. जाता जाता गंमत म्हणून सांगतो, ही अ‍ॅम्बॅसेडर ज्या विलायती गाडीवरून तयार झाली, तिचे नाव मॉरिस ऑक्सफर्ड. म्हणजे देशाच्या मंत्र्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत आणि त्यानंतरही जी गाडी वापरली, तीसुद्धा एक ऑक्सफर्डच! फक्त बैल नव्हते.

बसविण्याचे काम घरी करू नका, हे मात्र आवर्जून सांगतो. पुढच्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत कोंडलेली असते. दाबयंत्र न लावता वरचा नट सोडला, तर ती माणसाला जायबंदी करते. बुशांचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकल्यावर, तिचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत. लोंबकळत्या चाकात आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. दोन-चारशे किलोमीटर गाडी चालली की उंची पुन्हा मोजून अलाइनमेंट करून घ्यावी.

माझ्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. लाल स्प्रिंगा मी काढल्या. मुलाला प्रथम वाईट वाटले. मी त्याला त्या दोन चिठ्ठ्या दाखविल्या आणि वजाबाकी त्यालाच करावयास सांगितली. २७ आणि १३ हे आकडे त्याने स्वतः काढले, मग तो काही बोलला नाही. मूळच्या मापाच्या स्प्रिंगा यावयास तीन आठवडे लागले. त्या बसविल्यावर गाडी पूर्वीपेक्षा चार सेंटीमीटर उंच उभी राहिली. मुलगा म्हणाला, "बाबा, आता ती म्हातारी दिसते." मी म्हटले, "आहेच."

आईला पुन्हा सेवाग्रामला न्यावयाचे होते. या वेळी ती मागे उशीला टेकून बसली आणि रुग्णालय येईपर्यंत बहिणीशी कोणाच्या तरी लग्नाविषयी बोलत होती. गाडीविषयी ती एक अक्षरही बोलली नाही. मी आरशातून दोनदा पाहिले. दुसऱ्या वेळी तिचा डोळा लागला होता.

आपण माझे हे रुक्ष आकडे इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. व्याख्यान संपल्यावर कोणाला आपल्या गाडीची उंची मोजावयाची असेल, तर माझ्या खिशात टेप आहे, आणि बाहेरचे अंगण सपाट आहे.